न दिसणारा जावई

३ मार्च

दुपारी मठातून बारकीचा फोन आला. "आई, तारीख ठरली," म्हणाली. लेकीच्या तोंडून हे ऐकायला बाया जीव टाकतात. मी विचारलं, "पुढे नाही का ढकलता येणार?" ती हसली. तिला वाटलं, मी थट्टा करतेय.

इतकी वर्षं तिची व्रतं तात्पुरती होती, दर वर्षी नव्याने घ्यायची. कच्ची टीप आहे तोवर उसवता येतं, या आशेवर मी होते. आता पक्की घेणार म्हणे. आणि वर मागणी अशी की त्या दिवसाचा झगा मी शिवायचा. त्यांच्या मठाची रीत आहे: पक्क्या व्रतांच्या दिवशी मुलगी नवरीच्या पांढऱ्या झग्यात चर्चमध्ये येते, प्रभूशी लग्न लावते, मग आत जाऊन झगा उतरवते आणि मठाचा करडा वेश घालून बाहेर येते. ख्रिस्त नवरा, ही नवरी. जन्मभर मी लोकांच्या पोरींचे लग्नाचे झगे शिवले. आता माझ्या पोरीचा शिवायचा, तर नवरा मुलगा दिसतच नाही.

जावई म्हटलं की माणूस चार गोष्टी विचारतो. काय करतो, कुठे राहतो, पितो का. इथे विचारायची सोय नाही. सगळीकडे राहतो म्हणतात, म्हणजे पत्ता नाही. दुसऱ्याच्या लग्नात जाऊन पाण्याचा द्राक्षारस केला होता, एवढी माहिती आहे. ती काही जावयाच्या बाजूने जात नाही.

मी "बघू" म्हणून फोन ठेवला.

४ मार्च

आमच्या गृहस्थांना सांगितलं. ते दुकानाच्या मागच्या खोलीत बटणं करत बसले होते. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून एवढंच करतात: छोट्या यंत्रात कापडाची चकती आणि पत्र्याची टोपी ठेवायची, दांडा दाबायचा, की कापड चढवलेलं बटण बाहेर. सकाळी माझ्या सुयांत दोरे ओवून ठेवतात, तेही नको इतके लांब, मग गुंता होतो. आयुष्यभर लोकांची पत्रं वाटली, स्वतः कधी चार ओळी बोलले नाहीत.

मी म्हटलं, "तुमची लेक देवाशी लग्न करतेय. झगा मागतेय."

ते म्हणाले, "शीव मग."

बस्स. दगडाला पाझर फुटेल, यांना नाही. मी जरा वेळ उभी राहिले, आणखी काही येतंय का बघायला. आलं ते बटण.

९ मार्च

आज ती गळेवाली पुन्हा आली होती. लग्नाला महिना राहिलाय आणि हिचा तिसऱ्यांदा गळा बदलून झालाय. आधी चौकोनी, मग खोल, आता म्हणते उंच गळा, कारण सासूबाईंना खोल आवडत नाही. मी विचारलं, "आणि नवऱ्याला?" म्हणाली, "त्याला काय कळतंय!" लग्नाआधीच तिला हे ठाऊक आहे, म्हणजे पोरगी हुशार आहे.

अशी कितीतरी लग्नं माझ्या मशीनखालून गेली. निम्म्या जणी दोन वर्षांनी कंबर सैल करून घ्यायला येतात, काही जणी झगा विकायला काढतात. एकीने तर दुसऱ्या लग्नाला पहिलाच झगा उलटवून मागितला होता. चर्चमध्ये फादर दर वेळी तेच सांगतात: ख्रिस्ताने मंडळीवर, म्हणजे त्याला मानणाऱ्या माणसांवर, प्रीती केली तशी नवऱ्याने बायकोवर करावी, हे लग्न त्या प्रीतीची खूण आहे. मागच्या बाकावर बसलेली मी तेवढ्यात झग्याचा घेर नीट पडलाय का ते बघते. खुणेचं मला माहीत नाही, घेराची मी खात्री देते.

१२ मार्च

मठात गेले. झग्याबद्दल बोलायला, असं सांगून. खरं तर बघायला, की अजून काही करता येतं का.

मोठ्या मदर भेटल्या. ठेंगण्या आहेत, पायात पुरुषी बूट. भेटीची खोली धुऊन पुसून इतकी स्वच्छ की बसायला संकोच वाटावा. भिंतीवर एक क्रूस, एक घड्याळ. आरसा कुठेही नाही. मी जिथे जाते तिथे आधी आरसा शोधते, धंद्याची सवय.

मदर म्हणाल्या, "बाई, तुम्ही शिवता त्या सगळ्या लग्नांचं मूळ आमच्याकडे आहे. देव आणि त्याची माणसं यांचं लग्न, ते खरं. बाकीची त्याची सावली."

"म्हणजे संसार करून आम्ही सावलीत, आणि तुम्ही न करता उन्हात," मी म्हटलं.

त्यांना राग येईल असं वाटलं होतं, पण त्या मनापासून हसल्या. असल्या माणसांशी भांडताही येत नाही.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. व्रतांआधी फादर मुलीच्या आईला सगळ्यांसमोर विचारतात, "ही वधू तुम्ही देता का?" आईने उत्तर द्यायचं. या मठाचा हा जुना नियम. तिच्या होकाराशिवाय पुढे जात नाहीत.

"आणि आई नाही म्हणाली तर?"

"एकदा एक आई गप्प राहिली होती. आम्ही तिथेच थांबलो. मुलीने एक वर्ष वाट पाहिली."

"मग?"

"मग ती घरी गेली," मदर म्हणाल्या. अगदी सरळ सांगितलं, काही लपवलं नाही.

येताना बसमधून मी तीन थांबे पुढे गेले आणि चालत मागे आले. पोरीला मठात नेताना विचारलं नाही, आता विचारतात. विचारताहेत तर उत्तर मिळेल.

१३ मार्च

झगा शिवायचा ठरवलं. माझा पक्का बेत आहे. असा झगा शिवायचा की पोरीने स्वतःला त्यात पाहिलं की तिचं तिलाच कळलं पाहिजे, आपण काय सोडतोय. अंगासरशी कंबर, लांब बाह्या, पाठीवर मानेपासून खालपर्यंत बटणांची ओळ. असला झगा मी अजून कुणालाच दिला नाही. आमच्या गृहस्थांना बटणं सांगितली. किती, असं विचारलंही नाही, लगेच कापड कापायला घेतलं.

१९ मार्च

माप घ्यायला मठात. बारकी बारीक झाली आहे. खांदे मात्र तेच, बापासारखे पुढे झुकलेले. माझ्या मापपट्टीखाली ती लहानपणी उभी राहायची तशीच निमूट उभी राहिली. म्हणाली, "खोकला कसा आहे गं? अजून सकाळी येतो का?" खोकल्याचं हिला कुणी सांगितलं कुणास ठाऊक. मठातल्या बायकांना सगळ्या गावाच्या बातम्या असतात.

मी म्हटलं, "खोकल्याचं राहू दे. मला एकदा समजावून सांग. तू हे लग्न-लग्न म्हणतेस, ते आहे तरी काय?"

ती जरा विचार करून बोलली, "देवाला सांगायचं होतं की तो माणसावर कसं प्रेम करतो. राजा म्हटलं असतं तर माणसं घाबरली असती. बाप म्हटलंच त्याने, पण तेवढ्याने भागेना. मग त्याने आपल्यातलं नवरा-बायको घेतलं. म्हणाला, हे बघा, असं."

"त्याला जरा बरा नमुना मिळाला नाही का?"

ती हसायला लागली, इतकी की माप चुकलं. मग म्हणाली, "अगं, मला ते पुस्तकात वाचून कळलंच नव्हतं. तुम्हां दोघांना बघून कळलं. बाबांना बघून, खरं तर."

मला पट्टीवरचे आकडे दिसेनासे झाले. कंबर पुन्हा मोजली. 

२० मार्च

झालं ते आता स्पष्ट झालं. इतकी वर्षं मला शंका होती, काल तिने तोंडाने सांगितलं. आमचा संसार बघून पोर लग्नाला विटली. बापाला बघून तिला कळलं की नवरा म्हणजे काय, आणि तिने असा नवरा शोधला जो निदान समोर बसून गप्प राहणार नाही.

जेवताना यांना म्हटलं, "तुमच्यामुळे गेली ती."

यांनी घास खाली ठेवला. "ती असं म्हणाली?"

"म्हणाली. बाबांना बघून कळलं म्हणाली."

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग उठले, हात धुतले आणि खिडकीपाशी पाठ करून उभे राहिले. चष्मा पुसत होते. मला वाटलं, आता तरी लाज वाटली असेल.

एकतीस वर्षं मी या माणसाबरोबर राहिले. शिव्या नाहीत, मार नाही, दारू नाही. लोकांना सांगण्यासारखं काही नाही, हेच दुखणं. मी आजारी पडले तर खाटेशेजारी खुर्ची टाकून बसायचे, तेही मुक्याने. माणूस आहे की खांब, असं वाटायचं. ही खूण आहे म्हणे! कसली?

२८ मार्च

झगा कच्चा उभा राहिला. पुतळ्यावर चढवला तर गळेवाली दारात थबकली. "हा कुणाचा? मला असाच हवाय." मी म्हटलं, "तुझा नवरा माणूस आहे, तुला एवढा खर्च कशाला?" तिला कळलं नाही. बरंच झालं.

२ एप्रिल

आज फिटिंग. माझ्या बेताचा दिवस.

मठात आरसा नाही हे पाहून ठेवलं होतं. दुकानातला तीन पाखांचा मोठा आरसा चादरींत गुंडाळून भाड्याच्या टेम्पोत घातला. आमचे गृहस्थ मागे आरशाला धरून बसले. मठाच्या फाटकाशी दोन सिस्टर्सनी मदत केली. मदरनी आरशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "पायऱ्या जपून." ती बाई आरपार बघते. मला ती आवडत नाही.

झगा घातला. पाठीची बटणं मी लावली, एकेक. डोक्यावर जाळी टाकली आणि तिला आरशासमोर फिरवलं.

माझ्या दुकानात या क्षणाला काय होतं ते मला पाठ आहे. कुणी रडते, कुणी आईच्या गळ्यात पडते, कुणी गप्प होऊन स्वतःच्याच गालाला हात लावते. ज्या पोरीने इतकी वर्षं स्वतःला धड पाहिलेलं नाही तिचं काय होईल, हे बघायला मी श्वास धरून उभी होते.

बारकीने आरशात पाहिलं. तिन्ही पाखांत पाहिलं. मग म्हणाली, "अगंबाई, माझं नाक तुझं झालंय की!"

आणि वळून बापाला म्हणाली, "बाबा, बटणं किती सारखी झालीत हो."

बस्स. तिचे हात माझ्या हातात होते, कोरडे, थंड, शांत. भातुकलीतल्या नवरीचे असतात तसे. मला कळून चुकलं की हा सगळा पोरखेळ आहे. खरी नवरी असती तर तिला काहीतरी झालं असतं.

आरसा परत आणताना एका कोपऱ्याला टवका गेला. गृहस्थांचं लक्ष कुठे होतं कोण जाणे. दिवसभर स्वतःशीच हसत होते.

३ एप्रिल

ठरलं. फादर विचारतील तेव्हा मी नाही म्हणणार. गप्प राहणार नाही, चांगलं खणखणीत म्हणणार. एक वर्ष थांबेल, मग घरी येईल. आज रडेल, उद्या दुवा देईल.

यांना सांगितलं. बटणाचं यंत्र थांबलं.

"झगा तर शिवतेयस."

"ती घरी यावी म्हणून शिवतेय."

त्यांनी यंत्रातलं बटण काढून डब्यात टाकलं. नेहमीचंच. मी जायला निघाले तेव्हा मागून म्हणाले, "तुला नाही म्हणायचं तर म्हण. तुझा हक्क आहे. पण तिच्याकडे बघून म्हण. भिंतीकडे बघून म्हणू नकोस."

एवढं लांब वाक्य यांच्या तोंडून कधी ऐकल्याचं मला आठवत नाही. तेही उपदेशाचं.

११ एप्रिल

हे केस कापायला गेले, मठाच्या रस्त्यावरच्या न्हाव्याकडे. महिन्यातून एकदा नेमाने जातात, अख्खी सकाळ घालवतात. डोक्यावर उरलेत किती, कापायचे किती! जाताना माझ्याकडून उरलेल्या कापडाचा रुमाल शिवून घेतला, पांढरा, कडेला बारीक टीप. न्हाव्याकडे रुमाल कशाला? परत आले ते रुमालाविना आणि केस होते तसेच. मी बोलणं सोडून दिलंय. अशा माणसाला विचारून तरी काय मिळणार!

१५ एप्रिल

झगा पुरा झाला. शेवटची टीप घातल्यावर दोरा तोडवेना, उगाच थोडा वेळ तशीच बसले. डोळे हल्ली लवकर दुखतात. मदरचा निरोप आलाय: व्रतांनंतर तो झगा एखाद्या गरीब मुलीला लग्नासाठी देतात, चालेल ना? मी कळवलं, चालेल. मनात म्हटलं, द्यायची वेळच येणार नाही.

१९ एप्रिल

आताच परत आले. हे मागे चहा करताहेत, म्हणजे पातेलं जळणार. डोकं ताळ्यावर आहे तोवर लिहून ठेवते.

चर्च भरलेलं होतं. फुलं बेताची, तेवढं बरं. आम्ही पहिल्या बाकावर, मधल्या वाटेवर अंथरलेल्या पांढऱ्या पट्टीच्या अगदी कडेला. बारकी एकटीच आली. नवरीला कुणीतरी हात धरून आणतं. हिच्या शेजारी कुणी नाही. मागून कुणीतरी हळहळलं. मला संताप आला. लोकांच्या पोरींबरोबर बाप चालतात, भाऊ चालतात, आणि माझ्या पोरीने एकटीने चालायचं? नवरा मुलगा तर आधीच येऊन बसला आहे म्हणे, वेदीवर. लग्नाला लवकर येण्याचा शहाणपणा त्याने दाखवला, पण उठून दोन पावलं पुढे यायला काय झालं होतं?

ती आमच्या पुढे येऊन वेदीकडे तोंड करून उभी राहिली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. फक्त पाठ, आणि माझी बटणांची ओळ.

फादरनी आधी सांगायचं ते सांगितलं. वर येतो आहे, वधू तयार आहे, ही जगातली सगळी लग्नं त्या एका लग्नाची वाट बघतात. माझ्या कानावरून गेलं. मी मनात एकच शब्द घोळवत होते. फादर माझ्याकडे वळले.

"ही वधू तुम्ही देता का?"

मी उभी राहिले. तोंडात शब्द तयार होता. यांनी सांगितलं म्हणून नव्हे, पण तिच्याकडे बघितलं. आणि मला बटणं हलताना दिसली.

आधी वाटलं, माझे डोळे. मग पुन्हा पाहिलं. मानेपासून कंबरेपर्यंत ती सगळी ओळ थरथरत होती. बारकीच्या पाठीला कापरं भरलं होतं. जाळीसुद्धा हलत होती. खोट्या लग्नाला असं कुणी थरथरत नाही. आरशासमोर रडणाऱ्या, गळ्यात पडणाऱ्या पोरी मी ढिगाने पाहिल्या, त्या झग्याला भुललेल्या असतात. आणि एखादीच अशी निघते जिला झग्याचं काही पडलेलं नसतं. ती दारापर्यंत हसत येते आणि नवऱ्यासमोर उभी राहिली की तिला कापरं भरतं, कारण ती आता परत फिरणार नसते. अशा फार थोड्या पाहिल्यात मी. माझं स्वतःचं आठवत नाही. कदाचित कापले असेन.

चर्चमध्ये सगळे थांबले होते. मोठ्या मदर खाली मान घालून बसल्या होत्या. ती मागे वळली नाही. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं असतं तर मी नाही म्हणाले असते, शप्पथ सांगते. पण ती माझ्यावर विसंबून पाठ करून उभी होती.

"देते," मी म्हटलं.

फादरनी पान उलटलं. मला खाली बसायला हवं होतं, पण मी बसले नाही.  वेदीकडे बघून म्हटलं, "पण त्याला म्हणावं, नीट सांभाळ. सकाळी उठल्या उठल्या तिला कुणाशी बोलायला आवडत नाही. आणि ती दुखलं तरी सांगत नाही, आपण ओळखायचं असतं."

मागे एक-दोघं हसली. मग कुणीच हसलं नाही. फादरांच्या पुस्तकात याला उत्तर नसावं. त्यांनी आणखी एक पान उलटून पाहिलं. आमचे गृहस्थ भर चर्चमध्ये तोंडावर हात दाबून रडायला लागले, खांदे गदगदा हलताहेत, जवळ रुमाल नाही. माझा दिला. एकतीस वर्षांत हा माणूस रडतो हे मला कळलं नव्हतं, आणि दिवस निवडला तो हा.

मी मात्र वेदीकडे बघत उभीच राहिले. जावई काही बोलला नाही. पहिल्या दिवशी कुठलाच बोलत नाही.